मेणकागदातल्या डब्या

गफूरमामूची बैलगाडी आमच्या गल्लीत वळली की बाजाराच्या गोंगाटातही मला कळायचे. बाकीच्या गाड्या कापसाने लादलेल्या, त्या जडपणाने करकरत जायच्या. मामूची गाडी खणखणत यायची. गफूरमामू अम्मीचा चुलतभाऊ. लष्कराने मोडीत काढलेला माल लिलावात निघायचा, तो मोठे व्यापारी उचलायचे, त्यांच्याकडून लहान व्यापारी घ्यायचे आणि त्यांच्याही हातून जे उरायचे ते मामू गोण्यांत भरून गावोगाव फिरवायचा. आमच्या गावी, बोरी अरबला, त्याचा मुक्काम आमच्याकडे असे. तो खाली उतरून पाय धुवायच्या आत मी गाडीवर चढलेली असायची. "आली पाह्य इन्स्पेक्टर," असे म्हणून तो हसायचा आणि गोणीची सुतळी सोडायचा मान मला द्यायचा. त्या सुतळीची गाठ मी घाईघाईने दातांनीच सोडायची. पुढे आयुष्यात परीक्षांचे निकाल पाहिले, मुलांची लग्ने पाहिली, पण तेवढी उत्सुकता पुन्हा काही अनुभवाला आली नाही.

माझे वडील उस्मान कल्हईवाले. आम्ही त्यांना आब्बा म्हणायचो. दोन खोल्यांचे घर, पुढे अंगण, अंगणात खड्डा करून बसवलेली भट्टी आणि तिला जोडलेला कातडी भाता. सकाळी उठायचे तेच भात्याच्या सुस्काऱ्याने. मग नवसागराचा पांढरा धूर, त्याने नाकात बसणारी झिणझिणी, आणि तापलेल्या भांड्यात कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ती फिरवताना होणारा तो 'सर्रर्र' आवाज. काळे पितळ एका हाताच्या फेऱ्यात चांदीचे व्हायचे. मी रोज पाहायची आणि रोज मला ते नवे वाटायचे. आतून अम्मीच्या भाकरीची थापटणी ऐकू यायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चे तेल आणि ठेचा, हा रोजचा बेत. शुक्रवारी जमले तर गोश्त, आणि त्या गोश्तात पाणी जास्त. घरातली आमची बोली निम्मी उर्दू, निम्मी वऱ्हाडी अशी खिचडी होती. मौलवीसाहेब आणि शाळेतले गुरुजी, दोघेही तिला सारखेच नाक मुरडत.

कल्हईचा धंदा सणासुदीचा आणि लग्नसराईचा. मधल्या दिवसांत आब्बा उंदरांचे पिंजरे करायचे. कापसाच्या आणि तुरीच्या गोदामांत उंदरांनी उच्छाद मांडलेला असे, आणि आब्बाचा पिंजरा एकदा खट्‌कन मिटला की मिटला, अशी त्याची ख्याती होती. त्या ख्यातीचे गुपित मामूच्या गोणीत होते. गोणीत असायची रायफलीची मॅगझिने. मॅगझिन म्हणजे रायफलीच्या पोटाखाली बसते ती लोखंडी डबी. आत चपटी स्प्रिंग, तिच्या डोक्यावर एक पट्टी. वरून गोळ्या दाबून भरायच्या आणि स्प्रिंगने त्या एकेक करून वर ढकलायच्या. मोठ्या लढाईसाठी अशा डब्या ढिगाने केल्या होत्या, लढाई संपली आणि डब्या उरल्या. गोऱ्या सैन्याच्या स्प्रिंगा आमच्या गावात उंदीर पकडत होत्या. आब्बा म्हणायचे, "विलायतेचं पोलाद हाय. मांजर म्हातारी होईन, पण हे नाही होनार."

बहुतेक डब्या सुट्या, गंजलेल्या, चेपलेल्या असायच्या. पण गोणीच्या तळाशी कधी एखादे न फोडलेले पाकीट निघायचे. जाड तपकिरी कागद, दोन्ही टोकांना नीट घड्या घातलेला आणि सगळा मेणात बुडवलेला. वर पांढरी चिठ्ठी आणि तिच्यावर काळी इंग्रजी अक्षरे नि आकडे. नख टेकवले की मेणावर चंद्रकोर उमटायची. नाकाशी धरले की मेण, ग्रीस आणि कुठल्या तरी दूरच्या बंद खोलीचा वास यायचा. पहिले पाकीट मिळाले तेव्हा मी चौथीत होते. ते मी ओढणीत गुंडाळून सबंध दुपारभर मांडीवर घेऊन बसले. कोणी तरी, कुठे तरी, सातासमुद्रापलीकडे, एवढ्या निगुतीने घडी घातली होती आणि ती घडी अजून कोणी उलगडली नव्हती! हा विचार डोक्यात शिरला आणि माझे खूळ सुरू झाले.

अडचण एवढीच की आब्बाला नेमकी तीच पाकिटे हवी असायची. ग्रीसमध्ये राहिलेली स्प्रिंग अगदी कोरी निघे.

"आब्बा, हे फोडू नका," मी म्हटले.

"काहून? यातलीच स्प्रिंग तं बेस असते."

"मले ठेवायचं हाय."

"ठेवून काय करशीन? लोणचं घालशीन?"

अम्मी चुलीपासूनच ओरडली, "लोकाइच्या पोट्ट्या बाहुल्या जमवतात, आन् ही पाह्य, बंदुकीचं सामान जमवून राह्यली. उद्या हिले पाहाले पाव्हने आले तं काय दाखवू त्याइले, हे?"

मी जेवण सोडले. संध्याकाळपर्यंत आब्बा विरघळले. पण तेही बाजारात वाढलेले. फुकट काही द्यायचे नाहीत. तह असा ठरला की एका जातीचे एकच पाकीट माझे. त्याच जातीचे दुसरे निघाले तर ते पिंजऱ्याचे. म्हणजे प्रत्येक नव्या पाकिटाच्या वेळी हे आधीच्यांपेक्षा वेगळे आहे, हे मला सिद्ध करून दाखवावे लागणार होते. आणि त्यासाठी चिठ्ठी वाचता यायला हवी होती.

म्हणून मी शामराव हवालदारांकडे गेले. ते बर्मात लढून आलेले, आता नाल्याकाठच्या वावरात कापूस आणि तूर पेरायचे. मिशा मात्र अजून पलटणीतल्याच होत्या. त्यांच्या हातात पाकीट दिले तेव्हा त्यांनी आधी ते हुंगले. मग अंगठ्याने घडी चाचपली. "अंधारात, पावसात, चिखलात हे बदलत होतो आम्ही," ते म्हणाले. "बोटाले कळे, हे आपल्या रायफलीचं हाय का नाही. पोरी, हे कधी फोडू नको. फोडलं का हवा लागली, आन् हवा लागली का गंज लागला." त्यांनी मला चिठ्ठीवरचे एकेक अक्षर गिरवायला लावले. कुठले अक्षर कारखान्याचे, कुठला आकडा सालाचा, कुठली खूण कुठल्या रायफलीची, सगळे. शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधीच मला सगळी लिपी येत होती. गुरुजींनी विचारले, कुठे शिकलीस? मी म्हटले, गोणीत.

मग सुरू झाली खरी मजा. गोणी उघडायची, गंजलेल्या डब्यांत कोपरापर्यंत हात घालायचा, आणि बोटांना मेण लागले की काळीज उडी मारायचे. पाकीट निघाले की अंगणात पंचायत बसायची. मी फिर्यादी, आब्बा प्रतिवादी, हवालदारकाका न्यायाधीश. एकदा लाल चिठ्ठीचे पाकीट निघाले. साल तेच, आकडा तोच. आब्बाने लगेच पकड उचलली. "हे माहं. जात तेच हाय."

"चिठ्ठी लाल हाय!" मी किंचाळले.

"लाल लुगडं नेसल्यानं बाई बदलते काय?"

गल्लीतली माणसे गोळा झाली. हवालदारकाकांनी चष्मा लावला, पाकीट उन्हात धरले आणि कोपऱ्यातले एक पुसट अक्षर दाखवले. कारखाना वेगळा होता. "पोरीचं बरोबर हाय, उस्मानभाई. पकड ठेवा खाली." मी ते पाकीट डोक्यावर घेऊन नाचले आणि सगळ्यांना अम्मीने वरवर कुरकुरत उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या. दोन-तीन वर्षांत अशी चोवीस पाकिटे झाली. चोवीस जातींची चोवीस. ती अम्मीच्या लग्नाच्या पेटीत, तिच्या शालूखाली राहायची, आणि तिच्या शालूला ग्रीसचा वास लागतो म्हणून ईदच्या दिवशी हमखास भांडण व्हायचे.

परवा नातवाने फोनवर दाखवले, परदेशात माणसे अशी पाकिटे काचेच्या कपाटात ठेवतात, त्यांवर लेख लिहितात. चित्रातली एक चिठ्ठी मी चष्म्याशिवाय, अक्षरांच्या ठेवणीवरूनच ओळखली. तो म्हणाला, "नानी, तुला हे कसं माहीत?" मी म्हटले, बस इथे, सांगते. त्यातूनच हे प्रकरण लिहायला घेतले.

चीनची लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात गाव नुसते पेटून उठले होते. चौकात रेडिओभोवती माणसांचे कोंडाळे, शाळेत रोज प्रभातफेरी. बायका हातातल्या बांगड्या काढून देत होत्या, म्हाताऱ्या गळ्यातली पुतळी. येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याहून साहेब येणार आणि बोरी अरबचे दान घेऊन जाणार, अशी दवंडी पिटली गेली. आमच्या घरात सोने म्हणावे असे काही नव्हते. पण बंदुकीचे सामान होते! अख्ख्या तालुक्यात ते फक्त माझ्याकडे होते. ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा मी विहिरीवर होते. पोहरा तिथेच टाकून धावत घरी आले. "आब्बा, आपन डब्या देऊ. चोवीसच्या चोवीस. जवानाइले!"

आब्बाने हातातले काम खाली ठेवले. माझ्याकडे पाहिले. या पाकिटांसाठी मी त्यांच्याशी किती भांडले होते, ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी भात्याला उगाचच एक लाथ मारली.

आता इथून पुढे जे झाले ते फक्त कल्हईवाल्याच्याच घरात होऊ शकते. आब्बाच्या उस्तादांचा एक दंडक होता: आपल्या उंबऱ्यातून काळी वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही. गिऱ्हाइकाने तवा फक्त दांडीसाठी आणला तरी तो घासून द्यायचा. मग जवानांना द्यायची वस्तू अशी ग्रीसने बरबटलेली, जुनाट कागदात गुंडाळलेली द्यायची? अम्मी म्हणाली, शोभत नाही. आब्बा म्हणाले, "कल्हई करून देऊ. बर्फात गंजनार नाहीत." आणि मी? मीच पहिले पाकीट फोडले. हवालदारकाका त्या आठवड्यात लेकीकडे मारेगावला गेले होते, पण ते असते तरी मी थांबले असते असे वाटत नाही. एवढा उत्साह अंगात आला की माणसाला ऐकू येणे बंद होते.

मेणाची घडी उघडताना जो हलका चर्र आवाज झाला, तो अजून कानात आहे. चोवीस वेळा झाला. कागद अम्मीने चुलीत घातले. मेणामुळे ते असे धडाडून पेटले की ती खूश झाली. डब्यांतून स्प्रिंगा आणि पट्ट्या काढल्या, कारण आगीत पोलादाचे पाणी उतरते, स्प्रिंगेचा ताण जातो, हे आब्बाला पक्के ठाऊक होते. स्प्रिंगा एका परातीत, पट्ट्या दुसऱ्या परातीत. डब्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात, मग तेजाबात, मग भट्टीवर. मी भाता हाणत होते. लोखंडावर कथील सहजी धरत नाही, पण आब्बाने त्या दोन दिवसांत जी कारागिरी केली तशी मी पुन्हा पाहिली नाही. डब्या आतून-बाहेरून अशा चमकायला लागल्या की शेजारची लहान मुले त्यांत तोंडे वेडावून पाहत होती. मग आम्ही परातीतून हाताला येईल ती स्प्रिंग घेऊन आत बसवली. काही सहज बसल्या, काही दाबून बसवल्या. पितळी ताटात लाल कापड घालून चोवीस डब्या मांडल्या तेव्हा मी आनंदाने अक्षरशः रडले.

बाजाराच्या दिवशी सकाळी हवालदारकाका परत आले आणि थेट आमच्याकडे आले. ताट पाहून ते दारातच थांबले.

"पाकिटं कुठी हायेत?"

"चुलीत," मी अभिमानाने सांगितले.

त्यांनी एक डबी उचलली आणि अंगठ्याने पट्टी दाबली. ती खाली गेली आणि तिथेच अडकली. दुसरी उचलली. तिची पट्टी वरच येईना. तिसरीची स्प्रिंग बाहेर उडाली. ते तिथेच ओट्यावर बसले. "पोरी, तुह्या चोवीस डब्या तीन-चार जातींच्या रायफलींच्या होत्या. याची स्प्रिंग त्याच्यात गेली. आतून कल्हईचा थर चढला, तं गोळी सरकत नाही. आन् हे चमकनं! डोंगरावर ऊन पडलं तं चीनवाल्याले दुर्बीणही नाही लागनार." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाकिटात असत्या, तं एखादवेळी कामी आल्या असत्या. आता नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हसू अजून तोंडावर होते आणि ते काढायचे कसे ते कळत नव्हते. आब्बा भिंतीला टेकून उभे होते. माझ्या आयुष्यात त्यांची मान तशी खाली गेलेली मी त्या एकाच वेळी पाहिली. मी जमवलेले गेले, याचे दुःख नंतर झाले. त्या क्षणी एकच गोष्ट डोक्यात होती: सगळ्या गावाला सांगून झाले आहे, आणि जवानांना द्यायला आमच्याकडे आता काहीच नाही.

तरी आम्ही गेलो. न जाणे जास्त लाजिरवाणे झाले असते. चौकात मंडप, साहेब खुर्चीवर, समोर माणसेच माणसे. नाव पुकारले गेले, मी ताट घेऊन पुढे झाले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी एक डबी उचलली. "अरे वा! कोणाची कल्पना?"

मी म्हटले, "साहेब, या चालत नाहीत. आम्ही कल्हई केली, म्हनून बिघडल्या."

टाळ्या थांबल्या. मग मागून कोणी तरी फिसकन हसले, आणि मग सगळा चौक हसला. साहेबांनी हवालदारकाकांकडे पाहिले. काकांना खोटे बोलता येत नव्हते. "पोरगी खरं सांगून राह्यली, साहेब. पन मन लावून केलं हाय."

साहेब भला माणूस होता. त्याने हात वर करून हसणे थांबवले आणि म्हणाला, लष्कराला नको असतील, पण गावाला हव्या असतील. लिलाव करू, पैसा जवानांना जाईल. मग काय विचारता! पहिली बोली हवालदारकाकांची. पाठोपाठ किराणावाला, शाळेचे गुरुजी, जिनिंग गिरणीचा मुनीम, मौलवीसाहेब. कोणी पेनांसाठी घेतली, कोणी उदबत्त्यांसाठी, एकाने तंबाखूसाठी. जे मघाशी हसले होते तेच आता हात वर करकरून एकमेकांवर कुरघोडी करत होते. माझा चेहरा पुन्हा फुलला. प्रत्येक डबी देताना तिच्या बुडावर ठोकलेली खूण पाहून मी तिचे अक्षर आणि साल मोठ्याने सांगत होते आणि लोक दाद देत होते. शेवटी एक उरली. लाल चिठ्ठीवाली. बोली लावायला कोणी पुढे येईना. तेवढ्यात मागून आब्बाचा आवाज आला.

"साहेब, बोली पैशाचीच लागते काय?"

"मग कशाची लावणार?"

"यवतमाळले भरतीच्या पोराइचा तळ पडला हाय. त्याइच्या जेवनाची भांडी असतीनच. सगळ्या भांड्याइले कल्हई करून देतो. लोखंड मले नाही समजलं, साहेब. भांडं समजते."

साहेबांनी वर कोणी बोलतो का ते पाहिले. कोणी बोलले नाही. त्यांनी डबी आब्बाच्या हातात दिली, आब्बाने ती तिथेच माझ्या हातात दिली.

आठ दिवसांनी आम्ही तळावर गेलो. आब्बा, मी आणि भाता. केवढाली ती भांडी! एका पातेल्यात मी उभी राहिले तर कडा माझ्या खांद्याला लागत होती. सगळी आतून काळी-हिरवी. आचारी म्हणाला, ताक काय नि वरण काय, सगळे कळकते, पितळेची कडू चव लागते, पोरे अर्धे टाकून देतात. आब्बाने बाह्या सारल्या. तीन दिवस मी भाता हाणला, माझ्या हातांना फोड आले, नवसागराने डोळे चुरचुरले, आणि मी इतकी खुशीत होते की आब्बाला मला गप्प बसायला सांगावे लागत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या पातेल्यांत पहिला स्वयंपाक झाला. घंटा वाजली आणि पोरे रांगेने आली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असतील, डोकी नुकतीच भादरलेली, कोणी आर्णीकडचे, कोणी दारव्ह्याकडचे. महिनाभरात ती सीमेवर जायची होती. मी पातेल्याशेजारीच उभी राहिले. आता कोणी तरी म्हणेल, काय चकाकते आहे बुवा! कोणी तरी विचारेल, कोणी केले? एक गेला, दुसरा गेला, दहावा गेला. ताटात वरण घेत होते, मांडी घालत होते, भुरके मारत होते, वाढप्याला पुन्हा हाक मारत होते. पातेल्याकडे एकानेही वळून पाहिले नाही.

मी रडकुंडीला आले. "आब्बा, कोनीच पाहून नाही राह्यलं."

आब्बा भिंतीच्या सावलीत बसले होते. रांगेतला प्रत्येक पोरगा ते नीट निरखत होते.

"ताटात काही टाकून देऊन राह्यले काय?" त्यांनी विचारले.

मी पाहिले. ताटे पुसून साफ होती.

"मंग झालं," आब्बा म्हणाले. "पोचलं आपलं."